हरकती व सूचना

मुदत तीस दिवसांची होती.
टेबल माझं, रजिस्टर माझं, शिक्का माझा.
मत मात्र मला कुणी विचारलं नव्हतं.

तासगाव नगरपालिकेच्या जिन्याखाली
काचेच्या पेटीत मॉडेल मांडलं होतं,
नव्या कुस्ती स्टेडियमचं. पांढरंफेक.
छप्पर एका अंगानं उचललेलं,
आत काय शिजतंय ते कुणी झाकण सारून बघावं तसं.
झाडं स्पंजची.
माणसं करंगळीच्या नखाएवढी, बिनचेहऱ्याची,
एकाच्याही हातात पिशवी नाही.

आवक क्रमांक एक, भूपाल चौगुले, बेदाणा व्यापारी:
'ही उपडी परात आहे. एवढ्या पैशात दुसरं काही सुचलं नाही का?'
आवक क्रमांक दोन, त्यांचे धाकटे बंधू:
'वरील अर्जाच्या उलट माझं मत समजावं.'
दोघांचा वाटणीचा दावा कोर्टात आहे,
ते मी शेऱ्यात लिहिलं नाही.

इलाही नदाफ सेंट्रिंगची कामं घेतो.
त्यानं कॅलेंडरच्या पाठीवर बेदाण्याचं शेड काढून आणलं,
जाळ्यांचे मजले, हिरवं कापड, आरपार वाऱ्याचे बाण.
खाली लिहिलं:
'द्राक्षाला वाळायला पंधरा दिवस लागतात, तेही सावलीत.
तुमच्या काचा पश्चिमेला.
एप्रिलात माणूस दीड तासात बेदाणा होईल.'

आणि सानिका माळी, डिप्लोमा, दुसरं वर्ष,
अक्षर असं की झेरॉक्स काढून ठेवावी:
'गावातली प्रत्येक इमारत कुणाच्या तरी आजोबांची आहे.
एक तरी अशी होऊ द्या
जी अजून कुणाचीच नाही.'
हा कागद मी दोनदा वाचला.
नियमात एकदाच वाचायचा असतो.

छबुताई लोहारांनी नकाशावर बोट फिरवत विचारलं,
'बायकांची मोरी कुठंय?'
मी म्हटलं, दुसऱ्या टप्प्यात.
'मग बायकांनी यायचंही दुसऱ्याच टप्प्यात का?'
तेवढं लिहून घेतलं.

एका अर्जात दोनच शब्द: हरकत नाही.
खाली सही, वाचता न येणारी.
हा हरकतींत घालावा की सूचनांत,
की त्या माणसाच्या घरी जाऊन विचारावं,
नक्की कशाला हरकत नाही म्हणालात?
दुपारभर तो पेपरवेटखाली फडफडत होता.

शेवटच्या दिवशी शिदगोंडा वस्ताद आले.
कान चुरगाळलेले, चष्मा दोऱ्यानं बांधलेला.
'मला लिवता येत न्हाई, तू लिव.
माती कुठली आणणार ते पुसा. ताक, हळद, तेल
कोण घालणार, कुठल्या खात्यातनं?'
मग पेटीपाशी वाकून बराच वेळ बघत राहिले.
'छप्पर जरा बरं करा म्हणावं.
जिंकणारा काय वर बघत न्हाई.
पाठ लागली की मगच छप्पर दिसतंय माणसाला.
मी तीनदा बघितलंय. तवा नुसतं आभाळ हुतं.'

पुण्याहून आर्किटेक्ट आले, काळा शर्ट, धीमा आवाज.
एकशे त्रेचाळीस अर्ज त्यांनी चहा निवायच्या आत चाळले.
इलाहीचं कॅलेंडर तेवढं घडी घालून
खिशात ठेवलं.
घेतलं की लपवलं, मला कळलं नाही.
साहेबांनी मला विचारलं, 'एकूण सूर काय?'
मी म्हटलं, संमिश्र.
हा शब्द आमच्या खात्यात वर्षानुवर्षं पुरतो.

संध्याकाळी पुसायला म्हणून पेटी उघडली.
दारातून आत शिरणाऱ्यांतला एक माणूस
नखानं अलगद सोडवला,
आखाड्याच्या मधोमध
उताणा ठेवला.

पेटी बंद केली.
किल्ली ड्रॉवरमध्ये आहे, डाव्या हाताच्या.